परक्या देशात, परक्या शहरात, रात्री एकट्यानं उतरताना

रात्री बाराच्या सुमारास अनोळखी विमानतळाच्या दारात उभं राहून ‘आता कसं जायचं’ याचा विचार सुरू केला, तर तो बहुतेक वेळा महागात पडतो. दहा-बारा तासांचा प्रवास झालेला असतो, झोप तुटलेली असते, फोनची बॅटरी उतरलेली असते आणि सगळं सामान अंगावर असतं. अशा वेळी समोरून कुणी गोड बोलत आलं की माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. दिवसा तोच माणूस दोनदा विचार करतो.

म्हणून विमानाच्या दारापासून खोलीच्या कडीपर्यंतचे सगळे निर्णय घरी, दिवसाउजेडी घेऊन ठेवायचे. रात्री फक्त ठरलेलं पार पाडायचं. एकट्यानं किंवा एकटीनं जाताना तर हे जास्तच गरजेचं, कारण सामानापाशी थांबायला किंवा ‘अरे, हे बरोबर वाटत नाही’ म्हणायला सोबत दुसरं कुणी नसतं.

तिकीट काढण्याआधी

सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. त्याच शहराला दुपारी उतरणारं विमान असेल आणि तिकिटातला फरक रात्रीच्या टॅक्सीच्या भाड्याइतकाच असेल, तर दुपारचं विमान घ्या. रात्रीचं ‘स्वस्त’ तिकीट टॅक्सी, जादा रात्रीची खोली आणि बुडालेली झोप धरून मोजलं की अनेकदा स्वस्त राहत नाही.

रात्रीचंच घ्यायचं ठरलं, तर आधी विमानतळ कोणता ते नीट वाचा. एका शहराच्या नावावर अनेक विमानतळ असतात. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता सुमारे ६० किलोमीटर दूर. मिलानचा मालपेन्सा शहरापासून जवळपास ५० किलोमीटरवर आहे, लिनाते मात्र शहराला लागूनच. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत. तिकिटावर फक्त शहराचं नाव बघून हॉटेल निवडलं, की मध्यरात्री तासाभराचा जादा प्रवास गळ्यात पडतो.

मग वेळेचा हिशोब. तिकिटावरची उतरण्याची वेळ तिथली स्थानिक असते. तिच्यापुढे ‘+१’ असेल तर विमान दुसऱ्या तारखेला उतरतं. पण ही वेळ विमान दाराशी लागण्याची आहे, विमानतळाबाहेर पडण्याची नाही. विमान दाराशी लागून तुम्ही आत चालत येईपर्यंत १५–२० मिनिटं, इमिग्रेशनच्या रांगेत अर्धा ते एक तास, बॅगेसाठी आणखी २०–३० मिनिटं. साधा नियम असा: उतरण्याच्या वेळेत दोन तास मिळवा. त्या वेळेनंतरही शेवटची मेट्रो किंवा बस असेल, तरच ती आहे असं धरा. पावणेअकराला उतरून बाराची शेवटची गाडी गाठण्याचा बेत कागदावर छान दिसतो. विमानाला अर्ध्या तासाचा उशीर झाला की तो मोडतो.

रात्रभर रेल्वे चालत असेलच असंही नाही. न्यूयॉर्कचा सबवे आणि कोपनहेगनची मेट्रो चोवीस तास असतात. लंडनमध्ये रात्रभराची ट्यूब (तिथली मेट्रो) फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही काही मार्गांवरच. टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. आपल्या शहराचं वेळापत्रक त्या वाराचं बघा, कारण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शेवटची गाडी बऱ्याचदा लवकर सुटते.

पहिल्या रात्रीची खोली

इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती सविस्तर सांगायलाच हवी. समजा विमान १२ तारखेला रात्री ००:४० ला उतरतं. खोली कुठल्या तारखेची घ्यायची? ११ तारखेची. हॉटेलची रात्र ११ च्या दुपारी सुरू होते आणि १२ च्या सकाळी संपते. १२ ची खोली घेतली तर ती तुम्हाला १२ च्या दुपारी दोन-तीन वाजता मिळणार. म्हणजे मध्यरात्री पोहोचून तुम्ही लॉबीतल्या खुर्चीवर बसणार. सव्वाबाराला उतरणाऱ्या विमानांच्या बाबतीत हा घोळ सर्रास होतो.

दुसरी चूक पहिलीच्याच पोटात आहे. ११ ची खोली घेतली, पण तुम्ही १२ उजाडल्यावर पहाटे दोनला पोहोचता. तोवर हॉटेलनं ‘पाहुणा आलाच नाही’ असं धरून एका रात्रीचे पैसे कापलेले असू शकतात आणि पुढच्या रात्रींचं आरक्षणही रद्द केलेलं असू शकतं. यावर उपाय सोपा आहे. बुकिंग केल्यावर लगेच, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा, हॉटेलला लेखी कळवा: विमानाचा क्रमांक, उतरण्याची वेळ, पोहोचण्याची अंदाजे वेळ तारखेसकट. ‘११ च्या रात्री’ असं मोघम लिहू नका. ‘१२ तारखेला पहाटे २ वाजता’ असं लिहा. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये चित्र म्हणून साठवा.

पहिल्या रात्रीपुरतं तरी रिसेप्शनवर चोवीस तास माणूस असलेलं हॉटेल निवडा, असा आमचा ठाम सल्ला आहे. भाड्याचा फ्लॅट सुंदर असेल, स्वस्तही असेल. पण रात्री दीडला दाराजवळची, कोडनं उघडणारी चावीची पेटी उघडली नाही आणि मालक झोपलेला असला, की तुम्ही सामान घेऊन रस्त्यावर उभे. तिथे जायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा. उतरायला एक वाजून गेलेला असेल तर विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात पहिली रात्र काढून सकाळी शहरात जाणं बहुतेकांना सोयीचं पडतं. मात्र ‘ट्रान्झिट हॉटेल’ असा शब्द दिसला तर थांबा. त्यातली काही इमिग्रेशनच्या आतल्या बाजूला असतात. एकदा शिक्का मारून बाहेर पडलात की तिथे परत जाता येत नाही.

फ्लॅटच घेतला असेल, तर मालकाकडून या गोष्टी आधीच लिहून घ्या: रस्त्यावरच्या मुख्य दाराचा कोड, फ्लॅटच्या दाराचा कोड (हे दोन वेगळे असतात आणि लोक एकच पाठवतात), बेलवरचं नाव, मजला आणि दाराचा फोटो. मजल्याचा घोळ तर ठरलेला. अमेरिका आणि जपानमध्ये जमिनीलगतच्या मजल्याला पहिला म्हणतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी तो शून्य असतो आणि ‘पहिला’ म्हणजे एक जिना वर. मध्यरात्री दुसऱ्याच्या कुलपात चावी फिरवत बसायची वेळ येऊ नये म्हणून हे विचारूनच ठेवा.

फोन, पैसे, कागद

फोनमध्ये तिकडचा डेटा उतरल्या-उतरल्या चालू व्हायला हवा. ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्ये डाउनलोड करायचं सिम) घेणार असाल तर घरच्या वाय-फायवरच ते बसवून ठेवा, कारण बसवायला इंटरनेट लागतं. विमानतळावरच्या फुकट वाय-फायच्या भरवशावर राहू नका. काही ठिकाणी ते चालू करायला एसएमएसनं कोड येतो आणि तो यायला मुळात चालू सिम लागतं. ई-सिम चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुतेकदा एकच असतं. त्या सिमच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असतं. ते चालू करा. आपलं नेहमीचं सिम काढून टाकू नका. बँकेचे कोड त्यावरच येतात. फक्त त्याचा मोबाइल डेटा बंद ठेवा, म्हणजे भरमसाट बिल येणार नाही.

टॅक्सीचं अ‍ॅपही घरूनच बसवा, नोंदणी करा, कार्ड जोडा. आग्नेय आशियात ग्रॅब, युरोपातल्या अनेक शहरांत बोल्ट आणि उबर, चीनमध्ये दीदी, असं प्रत्येक भागाचं अ‍ॅप वेगळं. तिथे पोहोचून नोंदणी करायला गेलात, की कार्डाच्या पडताळणीत अडकता. चीनला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: गूगलच्या सेवा तिथे साध्या जोडणीवर उघडत नाहीत, म्हणजे नकाशाही दुसरा हवा.

शहराचा नकाशा डाउनलोड करून ठेवा. विमानतळ ते हॉटेल हा रस्ता एकदा स्क्रीनवर फिरवून बघा, म्हणजे साधारण कुठल्या दिशेला जायचं ते डोक्यात राहतं. हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर स्थानिक लिपीत घ्या. हॉटेलकडे मागितला की पाठवतात. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही. आणि हे सगळं कागदावरही हवं. फोन बंद पडू शकतो. शिवाय बऱ्याच देशांत इमिग्रेशनला राहण्याचा पत्ता विचारतात, आणि रांगेत उभं राहून तो शोधणं त्रासाचं असतं.

काही देशांत आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. सिंगापूरचा आणि १ मे २०२५ पासून थायलंडचा फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि तो फुकट असतो. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, हे ओळखा.

दोन कार्डं घ्या. शक्यतो वेगळ्या बँकांची, आणि वेगळ्या खिशांत. रोकड म्हणून टॅक्सीचं भाडं अधिक एक जेवण एवढं स्थानिक चलन हाताशी असलं की पुरे. एटीएम वापरायचं असेल तर टर्मिनलच्या आतलं, बँकेचं वापरा. मशीन विचारतं, ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम हवी का?’ नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. ‘हो’ म्हटलं तर विनिमयाचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो जवळपास नेहमीच वाईट असतो. २०० काढण्याऐवजी १९० काढले तर निदान काही सुट्या नोटा हातात येतात. मध्यरात्री टॅक्सीवाल्याकडे सुटे नसणं हे इतकं नेहमीचं आहे की ही युक्ती वापराच.

हातातली बॅग

चेक-इन करून विमानाच्या पोटात गेलेली बॅग त्या रात्री येणारच नाही, असं समजून हातातली बॅग भरा. एक जोडी कपडे, दात घासण्याचं सामान, दोन-तीन दिवसांची औषधं, चार्जर, तिथल्या सॉकेटचा अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, कोरडा खाऊ, रिकामी पाण्याची बाटली, पेन. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. ती हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॅट-अवरपर्यंत (साधारण २७,००० एमएएच) सहसा परवानगी लागत नाही, पण काही विमान कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत. निघताना ते बघा.

आणि विमानात जे जेवण देतील ते खा. भूक नसली तरी थोडं खा. रात्री दोनला हॉटेलचं स्वयंपाकघर बंद असतं आणि उपाशी माणूस जेवण शोधायला नको त्या वेळी बाहेर पडतो.

घरी एका माणसाला सांगून ठेवा

‘पोहोचलो की कळवतो’ एवढं पुरेसं नाही. एका माणसाला विमानाचा क्रमांक, हॉटेलचं नाव, पत्ता, फोन लिहून पाठवा आणि वेळ ठरवा, त्याच्या घड्याळाप्रमाणे. त्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर त्यानं काय करायचं, तेही ठरवा: आधी विमान उतरलं का ते बघायचं, मग हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून पाहुणा आला का विचारायचं, मग वकिलातीच्या आणीबाणीच्या क्रमांकावर. हे आधी ठरलेलं असलं की घरचा माणूस नुसता घाबरत बसत नाही, उपयोगाचं काहीतरी करतो. समाजमाध्यमांवर मात्र ‘एकटाच उतरतोय’ असं थेट टाकू नका. फोटो दुसऱ्या दिवशी टाकले तरी चालतात.

उतरल्यावर, क्रमानं

१. विमान थांबल्यावर फोन चालू करा, डेटा येतो का बघा, घरी ‘उतरलो’ एवढा निरोप टाका. घड्याळानं स्थानिक वेळ घेतली का, तेही बघा.

२. इमिग्रेशनला जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या आणि बाटली भरून घ्या. पुढे कधी जमेल सांगता येत नाही.

३. बॅग आली नाही किंवा तुटली तर बाहेर पडू नका. बेल्टजवळच्या सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल कराराखालच्या (विमान कंपनीची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करायची असते. पण कस्टम्सच्या बाहेर गेल्यावर ‘बॅग आतच तुटली होती’ हे पटवणं फार अवघड होऊन बसतं.

४. कस्टम्सच्या दारातून बाहेर पडण्याआधीच आवरून घ्या. पासपोर्ट आतल्या खिशात, टॅक्सीपुरते पैसे वेगळ्या खिशात, पाकीट बंद, हॉटेलचा पत्ता स्क्रीनवर उघडा. फोन २० टक्क्यांच्या खाली असेल तर इथेच दहा मिनिटं बसून चार्ज करा. दाराबाहेर दलाल उभे असतात आणि गोंधळलेला माणूस ते लांबूनच ओळखतात.

५. दारातून बाहेर आलात की थांबायचं नाही, पाट्या बघत अधिकृत टॅक्सीच्या रांगेकडे किंवा ठरलेल्या जागी चालायचं. ‘टॅक्सी? टॅक्सी?’ म्हणत जो स्वतःहून जवळ येतो, त्याच्यासोबत जायचं नाही. रांगेत नंबर लावून उभ्या असलेल्या परवान्याच्या टॅक्सीवाल्याला गिऱ्हाईक शोधत आत यावं लागत नाही. तो आत आलाय याचाच अर्थ तो रांगेत नाही.

टॅक्सी

बसण्याआधी मीटर की ठरलेलं भाडं, हे स्पष्ट करून घ्या. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावरून शहरात आणि न्यूयॉर्कच्या जेएफकेवरून मॅनहॅटनला अधिकृत टॅक्सीचं भाडं ठरवून दिलेलं आहे. अशी सोय असेल तर चालू आकडा आदल्या दिवशी बघून ठेवा. बँकॉकच्या सुवर्णभूमीला यंत्रातून चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर टॅक्सीचा तपशील असतो. ती चिठ्ठी चालकाच्या हातात देऊन टाकू नका, जपून ठेवा. पुढे काही बिनसलं तर तोच पुरावा.

अ‍ॅपवरची गाडी असेल तर गाडीचा क्रमांक, रंग आणि चालकाचा चेहरा जुळवा. ‘तुम्ही अमुक का?’ असं आपणहून नाव सांगून विचारू नका, कुणीही हो म्हणेल. ‘तुम्ही कुणाला न्यायला आलात?’ असं विचारा. अ‍ॅपमध्ये पिन दाखवून प्रवास सुरू करण्याची सोय असेल तर ती घरीच चालू करून ठेवा. आत आधीच दुसरा कुणी बसलेला असेल, ‘माझा मित्र आहे’ म्हणत असेल, तर बसू नका. दार लावण्याआधी क्रमांकाचा फोटो घरी पाठवा. तो पाठवताना चालकाला दिसला तर उत्तमच.

मागच्या सीटवर बसा. लहान बॅग मांडीवर, मोठी डिकीत. फोनवर नकाशा चालू ठेवा. रस्ता थोडा वेगळा घेतला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, रात्री वाहतुकीमुळे किंवा टोलमुळे तसं होतं. दिशा साफच चुकली तर मात्र शांतपणे विचारा.

वाटेत एक वाक्य ऐकू येऊ शकतं: ‘ते हॉटेल बंद पडलंय’, ‘तिथे आग लागली’, ‘तो भाग चांगला नाही, मी दुसरं दाखवतो’. ही फसवणूक जगभर चालते, कारण दुसऱ्या हॉटेलकडून चालकाला दलाली मिळते. त्याच्या फोनवरून ‘हॉटेलशी’ बोलू नका. पलीकडे कोण आहे ते कळत नाही. एकच उत्तर द्या, ‘मला तिथेच सोडा, माझी माणसं वाट बघतायत’, आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणा. वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत.

पोहोचल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी हॉटेल हेच आहे ना याची खात्री, मग डिकीतून बॅग बाहेर, मग पैसे. मोठी नोट देताना आकडा मोठ्यानं उच्चारून द्या. नाहीतर हातचलाखीनं ती बदलून ‘तुम्ही लहानच नोट दिली’ असं म्हणणारे भेटतात.

शेवटचं अंतर पायी असेल तर

स्टेशनपासून दहा मिनिटांपेक्षा जास्त चालायचं असेल तर टॅक्सी करा. त्याहून कमी असेल तर नकाशातला सर्वांत जवळचा रस्ता घेऊ नका. नकाशा बाग, बोगदा, गल्ली काहीही दाखवतो. त्याला फक्त अंतर कळतं, उजेड कळत नाही. मोठ्या रस्त्यानं चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील. वळणं दोन-तीनच असतील अशी निवडा आणि पाठ करा. कानात इअरफोन नको. नकाशा बघायचा असेल तर कोपऱ्यावर न थांबता एखाद्या उघड्या दुकानात किंवा हॉटेलच्या लॉबीत शिरा. कुणी मागे येतंय असं वाटलं तर रस्ता ओलांडा. तोही ओलांडू लागला तर जिथे दिवे आणि माणसं आहेत तिथे आत जा: हॉटेल, पेट्रोल पंप, रुग्णालय. आणि त्याच्यादेखत आपल्या मुक्कामाच्या दारापर्यंत जाऊ नका.

आणीबाणीचा क्रमांक आधीच पाठ हवा. युरोपीय संघात सगळीकडे ११२. अमेरिका आणि कॅनडात ९११. ब्रिटनमध्ये ९९९, तिथे ११२ सुद्धा चालतो. ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा आगीसाठी ११९.

दार उघडलंच नाही तर

चावीची पेटी उघडत नसेल तर कोड टाकण्याआधी तिची खटकी पूर्ण खाली ओढून आधी दाबलेली बटणं मोकळी करा. बहुतेक वेळा अडचण तिथेच असते. जिन्यात मिट्ट अंधार असेल तर भिंतीवर मिणमिणणारं बटण शोधा. अनेक देशांत जिन्याचे दिवे बटण दाबल्यावर थोडा वेळ लागतात आणि आपोआप विझतात.

तरीही जमलं नाही तर मालकाला फोन करा आणि बुकिंग केलेल्या अ‍ॅपमधूनच संदेशही पाठवा, म्हणजे नोंद राहते. बंद दाराचा फोटो काढा. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मग घरीच शोधून ठेवलेल्या जवळच्या, चोवीस तास रिसेप्शन असलेल्या हॉटेलकडे निघा. त्याचं नाव आणि पत्ता त्याच कागदावर, दुसऱ्या ओळीत लिहिलेला असायला हवा. तिथली पावती ठेवा, परतावा मागताना लागते. त्या रात्री पैसे वाचवण्यासाठी पायरीवर बसून राहणं हा पर्याय धरूच नका.

शहरात जायला काहीच साधन नसेल तर विमानतळावर पहाट होईपर्यंत थांबणं हा बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. पण टर्मिनल रात्री बंद होतं का ते आधी बघा, लहान विमानतळ शेवटच्या विमानानंतर कुलूप लावतात. चौकशीच्या खिडकीजवळ, कॅमेऱ्याखाली, इतर प्रवाशांच्या आसपास बसा आणि बॅगेचा पट्टा पायात अडकवा. बस स्थानकात रात्र काढणं मात्र टाळा. तिथे सुरक्षा आणि गर्दी दोन्ही कमी असतात.

खोलीत शिरल्यावर

रिसेप्शनवर कुणी खोलीचा क्रमांक मोठ्यानं उच्चारला आणि आजूबाजूला माणसं असतील, तर दुसरी खोली मागायला संकोच करू नका. आत शिरताना दार उघडं ठेवून न्हाणीघर आणि कपाट बघून घ्या, मगच दार लावा. दिवे लागत नसतील तर दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घाला. कडी, साखळी आणि खिडकीची खिटी तपासा. काही नीट लागत नसेल तर त्याच क्षणी खोली बदलून घ्या. सामान पसरल्यावर माणूस आळस करतो. दारापासून आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते एकदा मोजा, कारण धुरात पाटी दिसत नाही.

रात्री फोन वाजला आणि ‘रिसेप्शनवरून बोलतोय, कार्ड चाललं नाही, नंबर सांगा’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा आणि आपण रिसेप्शनला लावा, किंवा ‘सकाळी येतो’ म्हणून सांगा. दार कुणी ठोठावलं आणि तुम्ही काही मागवलेलं नसेल, तर तेच.

घरी निरोप पाठवा, फोन चार्जिंगला लावा, पासपोर्ट एका ठरलेल्या जागी ठेवा. नवं सिम, पैसे बदलणं, जास्त दिवसांचा पास, गल्लीची ओळख, ही सगळी कामं सकाळी दहानंतरची.